पंखाची पलीकडची बाजू

(मोहने गावात, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे, एक पत्र्याची शेड. मधोमध लाकडी घोडीवर विमानाचा पंख भिंतीसारखा कडेवर उभा केलेला. दोन्ही अंगांनी पांढरं कापड ताणलेलं, ते पंखाच्या आतल्या फासळ्यांना शिवायचं काम चाललंय. पंखाच्या एका बाजूला मुरलीधर, दुसऱ्या बाजूला त्याचा मेहुणा गोमाजी. खालच्या फटीतून दोघांना एकमेकांचे फक्त पाय दिसतायत.)

गोमाजी : ही सुई हाय का भाला? आता पोटात घुसली असती माझ्या.

मुरलीधर : "सोडतोय" म्हटलं की बाजूला व्हायचं, असं सांगितलेलं ना तुला?

गोमाजी : तुमी बोलता बोलता सोडता. बोलून जरा दम खावा मानसानं.

मुरलीधर : आली ना पलीकडे? आता दोरा ओढ. हळू. आणि फासळीच्या दुसऱ्या अंगानं परत माझ्याकडे पाठव. पेन्सिलीची खूण आहे तिथं.

गोमाजी : खूण दिसते. सुई दिसते. तुमी नाय दिसत, नुसते पाय दिसतात. चप्पल तुटलीय तुमची, भावजी. अंगठा सुतळीनं बांधलाय.

मुरलीधर : कोपरीहून चप्पल बघायला आलास?

गोमाजी : रुचितानं पाठवलं. रडत व्हती फोनवर. बोलते, मामा, बाबा फोन उचलत नाहीत. उचलला तर "बरा आहे" बोलून ठेवतात. मी गेले की नाटक करतात. दाढी करून बसतात, भाजी करून ठेवतात. तुमी न सांगता जा आन बघून या.

मुरलीधर : नौपाड्यात बसून सगळं कळतं तिला.

गोमाजी : दाढी नाय केली आज तुमी.

मुरलीधर : तू येणार हे कुठं माहीत होतं मला? सुई पाठव.

गोमाजी : घ्या. पन खरं सांगा. कोपरीत मना सगळे विचारायचे, गोमा, तुझ्या भावजीनं घरी इमान बांधलंय म्हंतात, उडलं का? मी छाती फुगवून सांगायचू, आता उडनार, पुढच्याच महिन्यात. आता कोन विचारत पन नाय. मी दिसलू की विषय बदलतात. आमच्या जनाबायच्या दहाव्याला तुमीच बोललेले, एकच पंख ऱ्हायलाय. त्यानंतर गणपती येऊन गेले, परत आले, परत गेले. तो एक पंख अजून तसाच.

मुरलीधर : दोरा बाहेरून मागवावा लागतो. साधा दोरा चालत नाही, मेणाचा लागतो. मग पाऊस. पावसात कापडाला हात लावता येत नाही.

गोमाजी : पाऊस जाऊन थंडी पन गेली. पत्रा बघा कसा तापलाय, वर पापड टाकला तर भाजेल.

मुरलीधर : एकट्याचं काम आहे रे. एकट्याला वेळ लागतो.

गोमाजी : एकटे कसं करता तुमी हे?

मुरलीधर : कसं म्हणजे? सुई इकडून सोडायची. मग फिरून तिकडं जायचं. ओढायची. फासळीच्या पलीकडून परत टोचायची. फिरून इकडं यायचं. ओढायची. गाठ मारायची.

गोमाजी : एका टाक्याला?

मुरलीधर : प्रत्येक टाक्याला.

गोमाजी : म्हनून चप्पल तुटली.

मुरलीधर : म्हणून तुटली.

गोमाजी : अवो, मग बोलवायचं कोनाला तरी. कॉलनीत रिकामटेकडी मानसं काय कमी हायत? कंपनी बंद झाल्यापासून नाक्यावर पत्तेच कुटतात सगळी.

मुरलीधर : आले होते एकदोघं. एकानं सगळा वेळ व्हिडिओ काढला. दुसरा चांगला होता, हात बरा होता त्याचा. पण नको म्हटलं त्याला.

गोमाजी : का?

मुरलीधर : पाय दिसतात ना खालून.

गोमाजी : मग?

मुरलीधर : जनाचे पाय नसतात ते. मला नाही चालत. सुई सोडायची, आणि पलीकडे बूट.

गोमाजी : आन माझे कसे चालले? मघापासून उभा हाय मी.

मुरलीधर : काय की. तुझी करंगळी तिच्यासारखीच वाकडी आहे.

गोमाजी : आमच्या बापसाची तशी. आमा सगळ्यांची तशीच.

मुरलीधर : तिथं ती उभी राहायची, आत्ता तू आहेस तिथं. संध्याकाळी स्वैपाक आटपून यायची. घरात आम्ही कधी बोललो नाही, गोमा. म्हणजे बोलायचो, भाजी काय, दूध आलं का. पण बोलणं असं नाही. ती भांड्यापाशी, मी पेपरात. इथं मात्र पडद्याआडून तासन्‌तास. तोंड दिसत नाही ना, तर माणूस बोलतं. रुचिताचं त्या मुलाबरोबर आहे, हे मला इथं कळलं. "सुई ओढा, आणि ओरडू नका" म्हणाली, आणि सांगून टाकलं. सुई हातात असल्यावर ओरडणार कसा?

गोमाजी : बाय लई हुशार.

मुरलीधर : पण विमानात बसायची नाही म्हणायची. "मी शिवीन हो, बसणार नाही. माझ्या हातचं शिवलेलं मला चांगलं माहितीय. ब्लाउजसुद्धा एका धुण्यात उसवतो."

गोमाजी : ते खरं हाय. शिवन कधीच जमलं नाय तिला. थांबा जरा, घसा सुकला. माठ कुठं हाय?

मुरलीधर : दाराशी. नाही नाही, तिकडं नको, भिंतीकडं जाऊ नको. दाराशी, उजव्या हाताला.

गोमाजी : भिंतीकडं काय हाय?

मुरलीधर : सामान आहे.

गोमाजी : सामान कसलं, दुसरा पंख हाय हा. आन ह्याच्यावर हे... भावजी, हे बायचं पातळ हाय. रुचिताच्या साखरपुड्याचं. हे कनाला घातलंय ह्याच्यावर?

मुरलीधर : धूळ बसते.

गोमाजी : धुळीला जुनी चादर नव्हती घरात?

मुरलीधर : गोमा, हात लावू नको.

गोमाजी : लावला.

मुरलीधर : मी तुला सांगतोय ना—

गोमाजी : भावजी. इकडं या.

मुरलीधर : माहितीय काय आहे ते.

गोमाजी : नाय माहीत तुमाला. इकडं या बोलतंय ना मी. ही गाठ कुनी मारली?

मुरलीधर : जनानं. तो पंख पूर्ण आम्ही दोघांनी केला. गाठी सगळ्या तिच्या.

गोमाजी : तिच्या नाय. आमच्या बापसाच्या हायत ह्या.

मुरलीधर : तुमच्या जाळ्याची गाठ, म्हणाली होती.

गोमाजी : जाळ्याची गाठ सगळ्या कोळीवाड्याला येते. ही नाय येत. ही आमच्या घरची. ही बघा, इथं दोरा कसा मान वळवून आत जातो. लांबनं ओळखीन मी. एकदा आमचं जाळं चोरीला गेलं व्हतं. शोधत शोधत दुसऱ्या गावच्या होडीवर सापडलं. तो मानूस बोलतो, माझंच हाय. मारामारीच व्हायची. बापूस कायच नाय बोलला. वाकला, एक गाठ दोन बोटांत उचलली आन सगळ्यांना दाखवली. तो मानूस खाली बघायला लागला. बापूस जाळं खांद्यावर टाकून घरी आला.

मुरलीधर : तुलाही येते ही?

गोमाजी : मना? मना नाय शिकवली. मी मागं लागायचू. बोलायचा, तुझा हात धांदरट, तू वल्हं मार. बायला शिकवली. ओट्यावर दोघं बसायची, दोन टोकांना दोघं. मी तिकडं होडीतलं पानी उपसत. आन बाय तुमच्याबरोबर गेली ना, तवा बापूस कितीतरी दिवस जाळ्याला बसलाच नाय. आयस बोलली, अवो, फाटलंय, बसा. तर बोलला, माझा हात घेऊन गेली ती.

मुरलीधर : हे मला कुणी सांगितलं नाही कधी.

गोमाजी : कोन सांगनार? तुमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाय, अशी शपथ घालून ठेवलेली त्यानं. तो गेला तवा कुठं मी यायला लागलू. तुमी फिटर, घाटावरचे. तुमच्या घरात आमचा वास चालायचा नाय असं वाटायचं आमाला.

मुरलीधर : माझी आई असेपर्यंत नाही चाललं, खरं आहे. जना मासे आणायची ते पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी घालून.

गोमाजी : आन ह्या पंखावर बघा, उघड्यावर. रांगेनं. वरपासून खालपर्यंत आमच्या बापसाची गाठ. इमानाला! अवो, म्हातारा असता तर त्याला उचलून आनला असता मी इथं. थांबा, फोटो काढतंय. पोराला पाठवतंय, सिद्धेशला. बोलतंय, बघ, तुझा आजा उडनार.

मुरलीधर : फोटो नको काढू.

गोमाजी : का? नजर लागते?

मुरलीधर : हे उसवायचंय.

गोमाजी : काय?

मुरलीधर : सगळं उसवायचंय. तपासणीचे साहेब येऊन गेले. पंखाला रंग देण्याआधी ते बघतात. या पंखाच्या गाठी त्यांनी हुकानं ओढून बघितल्या. सरकल्या. म्हणाले, हा दोरा काढा, पुस्तकात दिलीय तीच गाठ मारा, मगच पुढचं बोलू.

गोमाजी : कोन साहेब? त्याला खाडी माहीत हाय का? ह्या गाठीवर आमा तिघा भावंडांना वाढवलं बापसानं. पुराच्या पान्यात जाळं फाटलं, बांबू मोडला, पन गाठ सुटली नाय. आन कोन साहेब येतो, हुक लावतो, बोलतो सरकली!

मुरलीधर : माझ्यासमोर ओढली त्यानं.

गोमाजी : तुमच्यासमोर! तुमी बघत बसलात! तेच तर बोलतंय मी. आमचं काय असलं की तुमी बघत बसता. तुमची आई तिची ताटली वेगळी ठेवायची, तवा पन बघतच बसले असाल.

मुरलीधर : गोमा.

गोमाजी : खोटं बोललू?

मुरलीधर : नाही.

गोमाजी : मग?

मुरलीधर : ये इकडे. हा हूक घे. तू ओढ.

गोमाजी : मी नाय ओढत.

मुरलीधर : मला शिव्या घालायच्यात तर आधी ओढून बघ. जाळ्याचा दोरा सुताचा, गोमा. पाण्यात भिजला की फुगतो, गाठ आवळत जाते. जितकं पाणी, तितकी घट्ट. हा दोरा मेणाचा, गुळगुळीत. आणि हा कधी भिजणार नाही, हा वाऱ्यात कोरडा थरथरणार. पुस्तकातलं चित्र बघून जना म्हणाली, अहो, ही तर आमचीच गाठ. आणि चित्र तसंच होतं रे, सेम. फक्त एक वेढा जास्त होता. इतकी खूश झाली ती, की तो वेढा ना तिला दिसला ना मला. लग्नात माहेरहून एक वाटीसुद्धा आली नव्हती तिच्याबरोबर. एवढी एक गाठ काय ती आली होती. तीच विमानाच्या पुस्तकात! मग कोण कशाला आणखी निरखून बघतंय?

गोमाजी : द्या हूक.

मुरलीधर : बेतानं.

गोमाजी : नाय सरकली.

मुरलीधर : जोर लाव.

गोमाजी : ... सरकली.

मुरलीधर : किती?

गोमाजी : सरकली म्हंजे सरकली! मोजायची कनाला? दुसरी बघतंय... ही पन. हात्तिच्या मायला.

मुरलीधर : बस जरा. पाणी पी. घसा सुकला म्हणत होतास.

गोमाजी : ह्या नको काढायला. ऱ्हाऊ द्या ह्या, बाजूला दुसऱ्या मारा. पुस्तकातल्या.

मुरलीधर : मीही तेच म्हटलं साहेबांना. हात जोडून म्हटलं. ते म्हणाले, प्रत्येक टाक्याला कापडाला भोक पडतं. शेजारी शेजारी दुप्पट भोकं पाडलीत तर कापड तिथंच फाटेल, वर गेल्यावर. आहे त्याच भोकांतून नवा दोरा घाला.

गोमाजी : आन नाय उसवलं तर?

मुरलीधर : तर गाठी सुटणार, कापड फुगून निघणार, आणि विमान खाली येणार. त्यात माणूस असणार, गोमा. मी नाही, माझा कान गेलाय, मला उडवायची परवानगी नाही. क्षिप्रा म्हणून वैमानिक आहे, डोंबिवलीची. रुचितापेक्षा लहान. पहिल्यांदा ती उडवणार, एकटी. हौसेनं हो म्हणालीय बिचारी. तिला मी बायकोच्या आठवणीवर वर पाठवू?

गोमाजी : तसं कोन बोलतंय!

मुरलीधर : मी बोलतोय. बोललोय स्वतःशी कितीदा. म्हटलं, सगळ्या थोड्याच सुटतील. म्हटलं, एक फेरी मारून तर उतरायचंय. इतका नालायक विचार केलाय मी इथं बसून.

गोमाजी : मग नका उडवू. उभं करून ठेवा. लोक येतील, बघतील.

मुरलीधर : तेही ठरवलं होतं. येत्या गुरुवारी साहेब परत येतायत. पंख असाच असला तर परवानगी रद्द, परत पहिल्यापासून सगळं. तेवढं आयुष्य नाही आता माझ्याकडे. तर म्हटलं होऊ दे रद्द. सुटलो. पण मग ती आणि मी इतकी वर्षं इथं काय करत होतो? भातुकली? ती दमून भागून यायची, गुडघे दुखायचे तिचे, उभी राहायची. विमान उडणार म्हणूनच ना?

गोमाजी : मग उसवा. सोपं हाय की.

मुरलीधर : सोपं आहे तर तू कर. कात्री तिथं आहे. किती वेळा ती घेऊन या पंखापुढं उभा राहिलोय, मोजलं नाही. पातळ काढायचं, बघायचं, परत पातळ घालायचं. आणि घोडीवरच्या पंखाला एक टाका घालायचा, म्हणजे काम चाललंय असं वाटतं. रुचिताला वाटतं बाबा हट्टी आहेत, नौपाड्याला येत नाहीत. मला एकटेपणा खातोय, गोमा. आहे असं. पण तो तिथं जाऊन जाईल का? इथं निदान हे आहे. हा पंख आहे. हा झाला, उडाला, की मग सकाळी उठून मी जायचं कुठं?

गोमाजी : जेट्टीवर.

मुरलीधर : चेष्टा करू नको.

गोमाजी : चेष्टा नाय. मी जातंय. होडी विकली मी.

मुरलीधर : कधी?

गोमाजी : झाले दिवस. कोनाला बोललू नाय. सिद्धेश बोलला, बाबा, खाडीत मासळी ऱ्हायलीय कुठं, उगाच डिझेल जाळता. खरं बोलला पोरगा, त्याची काय चूक नाय. पन सकाळी जाग येतेच. मग मी जेट्टीवर जाऊन बसतंय. होडी बांधायचू तिथं, त्या खुंटापाशी. सून विचारते, बाबा, कुठं गेलेलात? मी बोलतंय, नाक्यावर. तिला बरं वाटतं, बाबांना दोस्त हायत.

मुरलीधर : मला फोन करायचास.

गोमाजी : तुमी उचलता कुठं!

मुरलीधर : ते आहे.

गोमाजी : भावजी, एक सांगतंय. मघाशी बोललू ना, बापूस असता तर त्याला आनला असता. तो आला असता तर त्यानं काय केलं असतं ठाव हाय? त्यानं ही कात्री पयली उचलली असती. जाळ्यात एक गाठ सरकती दिसली तर तो ते जाळं होडीत चढू द्यायचा नाय. आयस बोलायची, आजचा दिवस चालवा. तर वरडायचा, दुसऱ्यांची पोरं असतात माझ्या होडीवर. 

मुरलीधर : मग तू काप. तुझ्या बापाची गाठ आहे.

गोमाजी : तुमच्या बायकोची हाय. मी नाय कापनार.

मुरलीधर : माझा हात चालत नाही रे.

गोमाजी : हा पंख त्या घोडीवर चढवूया आधी. तो उतरवू, हा चढवू. तुमी तुमच्या बाजूला उभे ऱ्हावा, मी बायच्या बाजूला. गाठी तुमच्याकडं ठेवा, तुमी तिकडून कापा, मी हिकडून ओढतंय. तोंड दिसायला नको एकमेकांचं. चला, धरा. पातळ घडी करून ठेवा नीट, जमिनीवर नको.

मुरलीधर : हलका आहे ना?

गोमाजी : लईच हलका. मना वाटलं चार मानसं लागतील. बसला का तिकडून?

मुरलीधर : बसला.

गोमाजी : तिनं पयली गाठ कुठली मारलेली?

मुरलीधर : ही इथली, विमानाच्या अंगाजवळची. फुंकर मारली होती तिच्यावर. शेवटची त्या टोकाला.

गोमाजी : मग टोकाकडनं चालू करा. जशी आली तशी उलटी जाऊ द्या.

मुरलीधर : कापतोय.

गोमाजी : कापा.

मुरलीधर : ... कापली.

गोमाजी : आला दोरा. दुसरी.

मुरलीधर : कापली.

गोमाजी : भावजी, रडताय काय?

मुरलीधर : नाही.

गोमाजी : मी रडतंय. तुमी कापा.

मुरलीधर : थांबूया का जरा?

गोमाजी : थांबलू तर परत पातळ घालाल तुमी. कापा. ... नको, थांबा! थांबा! ही नका कापू.

मुरलीधर : का, काय झालं?

गोमाजी : ही मी सोडवतंय. हातानं. मना बघायची हाय, घातलीय कशी ती. पंख फिरवा जरा, गाठ माझ्याकडं येऊ द्या.

मुरलीधर : वेळ जाईल.

गोमाजी : जाऊ द्या की. घरी कोन वाट बघतंय? गुरुवारपर्यंत हितंच ऱ्हातंय मी. सुनेला फोन करतंय, सांगतंय, भावजीकडं काम निघालंय. ... हां. हा दोरा खालनं आलाय. मग ह्याच्या पोटातनं... अरेच्चा. मग हा मागं वळवला तिनं, आन ह्यो... नाय, नाय, परत. भावजी, उजेड पाडा जरा.

मुरलीधर : हा घे बल्ब. दिसतंय?

गोमाजी : दिसतंय. असं हाय होय! म्हातारा अंगठा आडवा धरायचा, मना वाटायचं अंगठा दुखतो त्याचा. अंगठ्यावर वेढा घ्यायचा आन मग अंगठा काढून घ्यायचा! आयला, एवढंच व्हतं. एवढ्यासाठी जनमभर वल्हं मारलं मी.

मुरलीधर : येईल तुला आता?

गोमाजी : आणखी एक सोडवू द्या. ... आन ही. हिला कात्री लावायची नाय, सांगून ठेवतंय. ... आता बघा. हा उरलेला दोरा, हा माझा अंगठा. अशी. घ्या, ओढून बघा.

मुरलीधर : तिच्यासारखीच दिसते.

गोमाजी : सरकेल. 

मुरलीधर : सरकणारच. सुताच्या दोऱ्यावर मार, नाही सरकणार.

गोमाजी : सिद्धेशच्या पोरीला शिकवतंय. प्राप्तीला. तिचा हात बरा हाय. जाळं नसलं तर नसलं, झोका बांधील. आता तुमच्या पुस्तकातली दाखवा. तो जास्तीचा वेढा कुठं घ्यायचा?

मुरलीधर : ही बघ. इथंपर्यंत तुमची. आणि इथून असा एक आणखी. बास, एवढंच.

गोमाजी : एवढंच?

मुरलीधर : एवढंच.

गोमाजी : बाय एका मिनटात शिकली असती.

मुरलीधर : तिनं शिकवली असती मला उलट. चल, हो तुझ्या बाजूला. जेवढं उसवलं तेवढं शिवून घेऊ. तिचीच भोकं आहेत, खुणा बघायला नकोत. पहिल्या टाक्याला घाई करू नको. सोडतोय.

गोमाजी : दम खाल्लात का बोलून?

मुरलीधर : खाल्ला.

गोमाजी : आली सुई. घ्या परत.

मुरलीधर : आली. आता दोरा ताणून धर, मी वेढा घेतो. हं. एक... आणि हा दुसरा. आता ओढ. अजून. अजून जरा, कापड घाबरत नाही, ओढ, जना.

गोमाजी : ओढला. सोडा पुढची.